ज्यूस पंपाचा फीडर बदलला तेव्हा: एमसीसीच्या ड्रॉआउट युनिटचा माझा अनुभव

मी वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. एमसीसी म्हणजे मोटर कंट्रोल सेंटर, कारखान्यातल्या मोटरींना सप्लाय देणारं मोठं पॅनल. त्यात एकेका मोटरचं स्विचगिअर एका डब्यात असतं आणि तो डबा खणातनं ओढून काढता येतो, तेच ड्रॉआउट युनिट. ते बदलायचं म्हटलं की सगळे म्हणतात हँडल फिरवा, जुनं ओढा, नवं ढकला, झालं काम. हे अर्धंच खरं आहे. युनिट बदलायला खरंच थोडा वेळ लागतो पण युनिट ज्या खणात बसतं त्या खणाची मागची बाजू कुणी बघतच नाही, आणि आमचा सगळा घोळ तिथंच निघाला, म्हणून हे सविस्तर लिहितोय. साखर कारखाना असो नाहीतर कुपवाड एमआयडीसीतलं युनिट, पॅनल सांभाळणाऱ्या पोरांना उपयोग होईल.

गळीत हंगाम ऐन भरात होता. बॉयलिंग हाऊसच्या एमसीसीवर ज्यूस पंपाचा ५० एचपीचा डीओएल फीडर (मोटर थेट पूर्ण सप्लायवर चालू करणारी लाइन) ओव्हरलोडवर, म्हणजे जास्त करंट झाला की मोटर बंद करणाऱ्या रिलेवर, ट्रिप व्हायला लागला. टाँग टेस्टर (वायरभोवती लावून करंट मोजायचं यंत्र) लावला तर तिन्ही फेज जवळजवळ सारखे, ६५ अँपिअरच्या आसपास, म्हणजे मोटरच्या फुल लोडच्या आतच. मोटर मेगर केली, म्हणजे इन्सुलेशन मोजलं, चांगली. पंप हातानं फिरवून बघितला, मोकळा. तरी तासा-दोन तासानं ट्रिप. प्रोसेसकडून लगेच फोन, कारण तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातली साखर उतरते, गव्हाण थांबवून चालत नाही. कुणीतरी सुचवलं की ओव्हरलोडचं सेटिंग थोडं वाढवा आणि हंगाम काढा. आमचे सिनियर वायरमन, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, ते एकदम आडवे आले. "सेटिंगला हात लावायचा न्हाई. करंट बरोबर हाय आन् रिले उडतोय म्हंजे रिलेला दुसरीकडनं ऊब लागतीया. ती कुठनं येती ते आधी बघा."

आणि तसंच निघालं. परमिट घेतलं, फीडर ऑफ करून युनिट बाहेर काढलं तर आउटगोइंगच्या वाय फेजचा जॉ कॉन्टॅक्ट (खणातल्या तांब्याच्या पात्याला चिमट्यासारखा धरणारा) निळा-काळा पडलेला, त्याच्या स्प्रिंगचा ताण पार गेलेला, जवळच्या वायरचं इन्सुलेशन कडक होऊन तडकलेलं. बायमेटल ओव्हरलोड रिले उष्णतेवरच चालतो, त्याच्या टर्मिनलला शेजारनं उष्णता मिळाली की करंट नॉर्मल असला तरी तो आधी उडतो. हिशोब साधा आहे, फुल लोडच्या ६८ अँपिअरला कॉन्टॅक्टचा रेझिस्टन्स १ मिलिओहम झाला तर साडेचार वॅटच्या आसपास उष्णता, १० मिलिओहम झाला तर ४६ वॅट, म्हणजे बंद डब्यात एक सोल्डरिंग आयर्न दिवसरात्र चालू ठेवल्यासारखं. त्यात तापलेली स्प्रिंग अजून मऊ होते, दाब अजून कमी, रेझिस्टन्स अजून जास्त, असं चक्र सुरू झालं की आपोआप थांबत नाही.

स्टोअरमध्ये त्याच रेटिंगचं स्पेअर युनिट होतं, ते बसवलं, पंप चालू झाला आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आण्णांनी नाही. ते म्हणाले नवीन जॉ चांगला हाय ओ, पण तो ज्या पात्यावर बसतोय ते पातं कुणी बघितलंय? थर्मल कॅमेरा मागवून लोडवर बघितलं तर पुन्हा वाय फेजच बाकी दोन फेजपेक्षा स्पष्ट गरम. इथं एक सांगतो, कॅमेऱ्यात नुसता आकडा बघून घाबरायचं नाही आणि निर्धास्तही व्हायचं नाही, सारखाच लोड असलेल्या तीन फेजमध्ये फरक किती पडतोय ते बघायचं. मग तो पंप बंद ठेवून स्टँडबाय पंप वेगळ्या फीडरवर घेतला आणि हा खण ऑफ सिझनसाठी राखून ठेवला, कारण मागचं पातं काढायचं तर अख्ख्या बसबारचं (सगळ्या खणांना सप्लाय देणाऱ्या पट्ट्यांचं) शटडाउन पाहिजे आणि ते हंगामात मिळत नसतंय.

हा मुद्दा जीवाशी आहे म्हणून जरा थांबून सांगतो. युनिट पूर्ण बाहेर आलं म्हणजे खण मेला असं अजिबात नाही. मागचा उभा बसबार ४१५ व्होल्टनं जिवंतच असतो, समोर फक्त शटर असतं, आणि जुन्या पॅनलात शटर अडकलेलं किंवा तुटलेलं असू शकतं. शिवाय कंट्रोलची फसवाफसवी वेगळीच, फीडर ऑफ केला तरी इंटरलॉकची (एक मशीन दुसऱ्याशी बांधून ठेवणारी) वायर दुसऱ्या पॅनलातनं ११० किंवा २३० व्होल्ट घेऊन आलेली असते, मोटरच्या स्पेस हीटरची (आत दमटपणा धरू नये म्हणून लावलेल्या छोट्या हीटरची) सप्लाय तर बऱ्याचदा लायटिंगच्या डिस्ट्रिब्युशन बोर्डातनं असते. म्हणून कुलूप आणि टॅग लावल्यावरसुद्धा टेस्टर आधी चालू सप्लायवर तपासायचा, मग आपल्या पॉइंटवर, मग परत चालू सप्लायवर. मधेच टेस्टर गेला असेल तर मेलेला पॉइंट आणि मेलेला टेस्टर यातला फरक कळत नाही. आण्णा ही सवय कुणालाच चुकवू देत नाहीत, आणि मला ते शंभर टक्के पटतं.

कारखाना बंद झाल्यावर रीतसर शटडाउन घेऊन मागची कव्हरं उघडली. फिक्स्ड बाजूच्या त्या पात्यावर खड्डे, वरचा चांदीचा मुलामा गेलेला, खालचं तांबं काळं. म्हणजे नवीन जॉ त्या खडबडीत पात्यावर बसून हळूहळू जुन्यासारखाच झाला असता. आसपासच्या खणांतही काळेपणा होताच. आपल्याकडं डबल सल्फिटेशननं साखर होते, गंधक जाळून वायू रसात सोडतात, त्यातला थोडा हवेत सुटतोच, वर वाफेचा दमटपणा आणि बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा, बारीक भुसा. अशा हवेत तांबं आणि चांदी दोन्ही काळवंडतात. आमच्या पॅनलचे स्पेस हीटर कित्येक खणांत बंदच होते, ते आधी चालू केले, कारण हंगाम संपल्यावर पॅनल थंड पडतं आणि पावसाळ्यात आत दव धरतं. (२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात कृष्णाकाठची ज्यांची पॅनलं बुडाली त्यांना माहीत आहे, कॉन्टॅक्टच्या फटीत बसलेला गाळ नुसत्या हवेनं निघत नाही, सगळं सुटं करून धुवून वाळवून मेगर केल्याशिवाय सप्लाय द्यायचीच नाही.)

साफ करताना एमरी पेपर मारायचा मोह लई होतो. मारू नका. हलका काळेपणा असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ कापड पुरतं, खड्डे पडले असतील तर पातं बदलायचंच, कारण घासून मुलामा गेला की पुढच्या हंगामात तिथंच परत तापणार. आणि बेअरिंगचं ग्रीस तिथं अजिबात नको, पॅनलवाल्यानं सांगितलेलं कॉन्टॅक्ट ग्रीस, तेही अगदी पातळ हात. बसबारचे बोल्ट टॉर्क रेंचनं आवळून मार्करनं खूण केली.

मग युनिटचं काय करायचं हा प्रश्न. आमचं पॅनल जुनं, ती सिरीज आता बंद, त्यामुळं खण तोच ठेवून त्यात बसेल असं नव्या स्विचगिअरचं रेट्रोफिट युनिट करून घ्यायचं ठरलं. एका पुरवठादारानं फ्यूज स्विचच्या जागी एमसीसीबी (मोल्डेड केस ब्रेकर) टाकून स्वस्तात कोटेशन दिलं. आमच्या इंजिनिअर साहेबांनी कागद घेऊन मांडलं: ट्रान्सफॉर्मर १००० केव्हीए, ४३३ व्होल्ट, इम्पिडन्स ५ टक्के, फुल लोड करंट १३३३ अँपिअर, त्याला ०.०५ नं भागलं की साधारण २६ ते २७ किलोअँपिअर शॉर्ट सर्किट करंट, वर आपल्या टर्बाइनच्या जनरेटरचा वाटा वेगळा. कोटेशनमधला एमसीसीबी २५ किलोअँपिअरपर्यंतचाच शॉर्ट तोडू शकणारा. जुना एचआरसी (मोठा शॉर्ट करंट तोडणारा) फ्यूज ८० किलोअँपिअरचा होता. म्हणजे बाहेरनं नवंकोरं दिसणारं युनिट शॉर्टच्या वेळी जुन्यापेक्षा कमजोर पडलं असतं. ते कोटेशन परत गेलं आणि ५० किलोअँपिअरचा ब्रेकर, त्याला जुळणारा कॉन्टॅक्टर आणि ओव्हरलोड असं टाइप टू कोऑर्डिनेशनच्या (शॉर्टनंतरही स्टार्टर वापरण्याजोगा राहील अशा जोडीच्या) टेबलवरनं ठरवून घेतलं. मला वाटतं युनिट घेताना किंमत विचारायच्या आधी हा आकडा विचारावा.

युनिट आल्यावर थेट सर्व्हिस पोझिशनला, म्हणजे पॉवर जोडली जाते तिथं, ढकललं नाही. सप्लाय यायच्या आधी रिकाम्या खणात आत-बाहेर करून बघितलं की जॉ पात्यावर सरळ बसतोय का, अर्थचा कॉन्टॅक्ट पॉवरच्या आधी लागतोय आणि बाहेर काढताना शेवटी सुटतोय का, शटर पडतंय का. मेगर घेतला. मग टेस्ट पोझिशनला ठेवून, तिथं पॉवर लागत नाही फक्त कंट्रोल मिळतो, स्टार्ट-स्टॉप, ट्रिप, फील्डचं पुश बटण, कंट्रोल रूमचा सिग्नल सगळं तपासलं. हँडल ऑन असताना दार उघडायचा आणि युनिट ओढायचा प्रयत्न केला, दोन्ही अडलं, म्हणजे इंटरलॉक बरोबर. मग सर्व्हिसला घेऊन, कपलिंग सोडून मोटरची दिशा बघितली, कारण आउटगोइंगच्या दोन फेज अदलाबदल झाल्या तर पंप उलटा फिरून रस कमी देतो आणि लोक पंपातच दोष शोधत बसतात. सेटिंग मोटरच्या नेमप्लेटवरनं ठेवलं. तुमचा फीडर स्टार-डेल्टा (मोटर आधी कमी व्होल्टेजवर चालू करणारा) असेल आणि ओव्हरलोड मोटरच्या वाइंडिंगच्या फेजमध्ये असेल तर नेमप्लेटच्या ०.५८ पट ठेवायचं, हे बऱ्याच ठिकाणी राहून जातं आणि मोटर जळेपर्यंत कुणाला कळत नाही.

बॉयलर अग्निप्रदीपन झालं, मोळी पडली, पंप फुल लोडवर आल्यावर कॅमेरा परत लावला तर तिन्ही फेज सारखे. तेव्हापासून हंगाम सुरू झाल्यावर एकदा आणि मधे एकदा सगळ्या फीडरचे फोटो काढून फेजवार नोंद ठेवतो. सिरीज बंद असल्यामुळं फिक्स्ड पाती आणि जॉचे सेट मिळतील तेवढे मागवून ठेवलेत, मुलामा खराब होऊ नये म्हणून सीलबंद पिशवीत. येत्या ऑफ सिझनला बगॅस कॅरियरकडच्या एमसीसीची मागची कव्हरं उघडायची आहेत, शटडाउनचा अर्ज आत्ताच देऊन ठेवलाय.