आखातात जाताय? नंबर कागदावर उतरवा

खेड-दापोलीकडून आखातात निघालेले बहुतेकजण सगळे नंबर मोबाइलमध्ये भरून निर्धास्त होतात. पण चोरी झाली की मोबाइल, पाकीट, पासपोर्ट एकदमच जातात. म्हणून चिठ्ठ्या तीन करा: एक खिशात, एक खोलीवर, एक गावी घरच्यांकडे.

यूएईत पोलीस 999, रुग्णवाहिका 998, आग 997. सौदीत नेमकं उलटं: रुग्णवाहिका 997 आणि आग 998. दुबई सोडून जेद्दाला गेलेल्यांची इथेच गफलत होते. कुवेतला 112, ओमानला 9999, कतार-बहारीनला 999. घरचा लँडलाइन लिहिताना पुढचा शून्य गाळा. रत्नागिरीचा 02352 तिथून +91 2352 असा लागतो.

पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार आणि तिची प्रत हातात. मग भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास. जुन्या पासपोर्टची झेरॉक्स आणि फोटो असतील तर काम हलतं. नवा पासपोर्ट मिळायला थांबणं शक्य नसेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं, पण त्यावर फक्त भारतात परत येता येतं. शिवाय तिथल्या इमिग्रेशनची बाहेर पडायची परवानगी वेगळी लागू शकते. ती हातात येण्याआधी तिकीट काढलं तर पैसे पाण्यात.

कंपनीने पासपोर्ट स्वतःकडे ठेवणं यूएई आणि सौदीत बेकायदा आहे, तरी सर्रास चालतं. म्हणून पासपोर्टची एक झेरॉक्स गावीही ठेवा. पगार अडला, माणसाचा फोन लागेना, तर घरचेही परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार करू शकतात; तेव्हा पासपोर्ट नंबर हाताशी हवा. यूएईत असलेल्याने प्रवासी भारतीय साहाय्यता केंद्राचा 800 46342 हा टोल-फ्री नंबरही चिठ्ठीत टाकावा.

एजंट 'व्हिजिट व्हिसावर चल, नोकरीचं तिकडे गेल्यावर बघू' म्हणाला तर सरळ नाही म्हणा. पासपोर्टवर ईसीआर (परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी आवश्यक) शिक्का असेल तर ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरची मंजुरी लागते. तिच्याबरोबर घ्यावी लागणारी प्रवासी भारतीय बीमा योजना अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला 10 लाखांचं संरक्षण देते. हप्ता दोन वर्षांचा 275 रुपये, तीन वर्षांचा 375.

बॅग भरताना आईला आधीच सांगा: अनारशावर आणि करंजीच्या सारणात खसखस नको. यूएई आणि सौदीत ती अमली पदार्थांत मोडते, आणि विमानतळावर 'घरचा फराळ आहे' हे कारण चालत नाही. मालवणी मसाल्यातही बऱ्याच घरी खसखस पडते. नेणार असाल तर तिच्याशिवाय वेगळा कुटून घ्या. कोडीनवालं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमाडॉलच्या गोळ्या डॉक्टरची चिठ्ठी आणि तिथली आगाऊ परवानगी असल्याशिवाय बॅगेत ठेवू नका.