एकाच कॉफीचे पाच कप

चिकमगळूरकडचे कॉफी बागायतदार आणि पुण्या-कोल्हापूरच्या कॅफेंमधले बरिस्ता यांचा ऑनलाइन वर्ग मी चालवतो. वर्गात भाषणं कमी आणि कपिंग, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने कॉफी चाखून गुण देणं, जास्त. दोन्हीकडे एकच कॉफी, एकाच वेळी, एकाच पद्धतीने चाखायची आणि मग बोलायचं. जानेवारीतल्या एका सत्रात एकाच कॉफीबद्दल दोन्हीकडून अगदी उलट निकाल आला. त्याचं कारण शोधताना जे हाती लागलं, ते कॉफीत काम करणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल.

कॉफी होती गेल्या हंगामातली एस. ७९५ या अरेबिका वाणाची, नॅचरल, म्हणजे फळासकट वाळवलेली. एकाच घाण्यात भाजून अर्धी पुण्यात ठेवली, अर्धी कुरिअरने बागेवर पाठवली. पाणी दोन्हीकडे एकाच कंपनीचं बाटलीबंद. प्रत्येक कपात ८.२५ ग्रॅम कॉफी आणि १५० मिलिलिटर पाणी, तापमान ९३ अंश. बाग बाराशे मीटरवर आहे, तिथे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. त्यामुळे किटली बंद केल्यावर पुण्याइतकं थांबून चालत नाही, थर्मामीटर बघूनच ओतावं लागतं. चार मिनिटांनी वर जमलेली पुडीची साय मोडायची तीही वर्गाच्या घड्याळावर, कारण नेटवर्क अडखळलं की दोन्हीकडच्या चार मिनिटांत सहज अर्ध्या मिनिटाचा फरक पडतो. आणि गुण आधी लिहून पाठवायचे, तोंड नंतर उघडायचं. नाहीतर ज्याचा आवाज मोठा, त्याचीच चव सगळ्यांना लागते.

बागेकडून आलेल्या नोंदी सांगत होत्या की पाचही कप सारखेच: मवाळ, किंचित कागदी, फळाचा गोडवा दबलेला. पुण्याच्या नोंदींत तीन कप स्वच्छ, मनुकांचा गोडवा असलेले. उरलेल्या दोन कपांत मात्र शेंगदाण्याच्या टरफलाची चव आणि जिभेवर कोरडेपणा.

बागायतदारांचं म्हणणं, कॉफी जुनी झाली. ते चुकीचंही नव्हतं. साठवणीत म्हातारी झालेली कॉफी कागदी लागतेच. पण जुनेपणा पोत्यातल्या सगळ्या दाण्यांना लागतो, पाचांतले दोनच कप निवडून तो बिघडवत नाही. एकाच टेबलावर कप कपाला वेगळा लागला, तर दोष मोजक्या दाण्यांत आहे असं समजायचं.

आमच्या वर्गात सोलापूरची एक बरिस्ता आहे. घरात कन्नड बोलली जात असल्याने दुभाष्याचं काम तीच करते. तिने बागेचे मालक अण्णा यांना नेमका प्रश्न विचारला, "अण्णा, दळताना प्रत्येक कपाचे दाणे वेगळे घेतले होते का?"

"नाही, सगळे एकदम दळले. मग पूड वजन करून पाच कपांत घातली."

तिथेच उलगडा झाला. भाजलेला अरेबिकाचा एक दाणा साधारण ०.१३ ग्रॅमचा असतो. म्हणजे एका कपात साठेक दाणे. त्यात एक जरी खराब असला, तरी त्या कपात तो ओळखू येतो. पण पाच कपांचे दाणे एकत्र दळले, की तोच दाणा पाचांत विभागला जातो आणि सगळेच कप थोडे थोडे उतरतात. कपिंगला पाच कप ठेवतात ते ही विषमता पकडण्यासाठीच. म्हणून दाणे कपागणिक वजन करून वेगळे दळायचे, आणि त्याआधी त्याच कॉफीचे चार दाणे दळून चक्कीत अडकलेली आधीची पूड काढून टाकायची.

मग दोन्हीकडे शंभर ग्रॅम भाजलेले दाणे पांढऱ्या ताटलीत पसरले. कॅमेऱ्यात रंग फसवतो, म्हणून ताटलीशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून उजेड जुळवून घेतला. बाकीचे दाणे तपकिरी, मधूनच काही फिकट, उसाच्या गुळाच्या रंगाचे. या फिकट दाण्यांना क्वेकर म्हणतात. पुण्यात अकरा निघाले, बागेवर तेरा. शंभर ग्रॅममध्ये साडेसातशेच्या आसपास दाणे असतात, म्हणजे सरासरी प्रत्येक कपाच्या वाट्याला एक क्वेकर येतो. प्रत्यक्षात एखाद्या कपात एकही नाही आणि एखाद्यात दोन. पुण्याच्या टेबलावर तेच झालं होतं. स्पेशल्टी, म्हणजे वरच्या, दर्जाच्या जुन्या निकषात शंभर ग्रॅम भाजलेल्या दाण्यांत एकही क्वेकर चालत नसे.

नुसते क्वेकरच चाखायचे ठरलं. तीन ग्रॅम जमवायला आणखी एक ताटली निवडावी लागली. त्यावर ५५ मिलिलिटर पाणी ओतलं. बागेवरच्या अण्णांनी चमचा तोंडाला लावला, बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग एवढंच म्हणाले, "हे माझ्या बागेतलं आहे?"

क्वेकर हा कच्च्या फळातला दाणा. त्यात साखर पुरेशी भरलेली नसते, म्हणून भट्टीत तो रंग धरत नाही. हिरव्या कॉफीत तो नजरेला जवळजवळ सापडत नाही. त्यामुळे अण्णांचा पुढचा प्रश्न रास्त होता: फळं तर पाण्याच्या टाकीत सोडून, तरंगणारी काढून टाकली होती. मग हे आलं कुठून?

हंगाम चालूच होता. ते फोन घेऊन वाळवणीच्या जाळ्यांकडे गेले. ताज्या तोडणीतली हिरवट-पिवळी फळं मूठभर घेतली आणि बादलीत टाकली. बहुतेक सगळी बुडाली. तरंगतात ती पोकळ, किडलेली, झाडावरच सुकलेली फळं. कच्चं फळ घट्ट असतं, ते तळाशी जातं. धुतलेल्या कॉफीत पल्परवर, म्हणजे साल काढायच्या यंत्रावर, कच्च्या फळाची साल निघत नाही, तिथे ते वेगळं होतं. नॅचरलमध्ये पल्परच नाही, तेव्हा निवडणाऱ्याची नजर हीच चाळणी. आणि तीही पहिल्या एक-दोन दिवसांतच. पुढे सगळी फळं सारखीच काळपट होतात. शंका आली तर फळ चिमटीत दाबायचं: पिकलेल्यातून दाणा सुळकन बाहेर येतो, कच्च्यातून येत नाही.

आता कच्ची फळं तोडली का जातात, हेही बरिस्तांना कळायला हवं होतं. मार्च-एप्रिलचा पाऊस अर्धवट पडला, की सगळ्या कळ्या एकदम उमलत नाहीत, बहर दोन-तीन टप्प्यांत येतो. मग जानेवारीत एकाच फांदीवर लाल, पिवळं, हिरवं एकत्र. मजूर कमी, मजुरी किलोवर. अशा वेळी हात फांदी ओरबाडतो, आणि त्यात तोडणाऱ्या बाईचा काडीचाही दोष नाही. किलोमागे पैसे मिळणार असतील तर ती किलोच भरणार. तीच फांदी तीनदा हाताळायची आणि फक्त लाल तोडायचं, तर मजुरी वेगळ्या हिशेबाने द्यावी लागते. तो पैसा कॉफीच्या भावातूनच यायला हवा, हे मी त्या दिवशी कॅफेवाल्यांना स्पष्ट सांगितलं. स्वच्छ कप मागायचा आणि भाव ओरबाडलेल्या फळाचा द्यायचा, हे जमणार नाही.

अण्णांनी उरलेल्या तोडणीपुरतं ठरवलं: नॅचरलसाठी फक्त लाल फळ, दुसऱ्या टोपलीतलं पिवळं-हिरवं वेगळं वाळवून साध्या दर्जात विकायचं, दोन्ही टोपल्यांना तोडणीचा दर तोच. पुण्याच्या एका कॅफेने लाल टोपलीच्या लॉटसाठी जादा भाव कबूल केला, पण नमुना पसंत पडला तरच. हाती असलेल्या जुन्या लॉटचं काय, तर चक्कीच्या हॉपरमध्ये ओतण्याआधी दाणे ट्रेमध्ये पसरून फिकट तेवढे वेचायचे. पाव किलोला काही मिनिटं लागतात आणि एस्प्रेसोत फरक लगेच कळतो.

नव्या नमुन्याच्या पिशवीवर आता तोडणीची तारीख, कितवी फेरी आणि जाळीचा क्रमांक लिहून येणार आहे. बागेवर दळणही कपागणिक वेगळं होईल.