जर्मनीतलं रिकामं घर: आधी दिवे, मग भिंती, सोफा शेवटी

जर्मनीत ‘रिकामं’ घर भाड्यानं मिळतं म्हणजे ते खरोखर रिकामं असतं. कपाट नाही, पडद्याची दांडी नाही, बऱ्याचदा सिंकसुद्धा नाही, कारण आधीचा भाडेकरू स्वतःचं किचन उचकटून बरोबर घेऊन गेलेला असतो. छतातून दिव्याच्या जागी दोन-तीन वायरी लोंबत असतात. अशा घरात नवा माणूस आधी सोफा घ्यायला धावतो. सगळा पैसा तिथेच अडकतो, आणि संध्याकाळी तो सोफा उघड्या बल्बखाली भकास दिसतो. डिसेंबरात बर्लिनमध्ये चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. त्यामुळे इथल्या घराचं रूप ठरवतात दिवे, आणि सुदैवानं सगळ्यांत स्वस्तही तेच.

आपल्याकडची छतावरची एक पांढरीफेक ट्यूब विसरा. बसायच्या खोलीला लहान लहान तीन दिवे हवेत: एक छताचा, एक कोपऱ्यात उभा, एक टेबलावर किंवा खिडकीत. बल्बच्या खोक्यावर २७०० के लिहिलेलं असेल तर प्रकाश पिवळसर, उबदार पडतो. ४००० के ओट्यावर ठीक, बैठकीत दवाखान्यासारखं वाटतं. छतासाठी तांदळाच्या कागदाचा गोल पांढरा कंदील काही युरोंत मिळतो आणि महागड्या झुंबरापेक्षा चांगला दिसतो, असं आमचं स्पष्ट मत आहे. घरून आणलेला आकाशकंदीलही वर्षभर लावता येतो. मात्र आपल्याकडच्या होल्डरमध्ये दोन खिळ्यांचा बल्ब बसतो आणि इथले बल्ब आट्यांचे, ई२७ मापाचे. होल्डर वायरीसकट इथलाच घ्यावा लागतो. बल्ब ४-५ वॉटचा एलईडी ठेवा, म्हणजे कागद तापत नाही.

छताचा दिवा जोडताना आपल्याकडची सवय धोक्याची ठरते. आपल्या घरांत लाल वायर फेजची आणि काळी न्यूट्रलची, हे डोक्यात पक्कं असतं. इथे नव्या वायरिंगमध्ये तपकिरी किंवा काळी वायर फेजची, निळी न्यूट्रलची आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची. म्हणजे ज्या काळ्या वायरीला आपण निर्धास्त हात लावू, तीच जिवंत. फार जुन्या इमारतींत तर काळी फेज, करडी न्यूट्रल आणि लाल चक्क अर्थिंग असं सापडतं. नुसतं बटण बंद करून भागत नाही. मुख्य बोर्डावरचा फ्यूज पाडा आणि दोन टोकांच्या टेस्टरनं तपासा. स्क्रूड्रायव्हरसारखा एकटोकी टेस्टर फसवतो. छतातून दोनच वायरी आल्या असतील तर धातूचा दिवा लावू नका आणि जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

आता भिंती. हात लावला की खरबरीत लागतात, कारण त्यांवर ‘राउफाझर’ चिकटवलेला असतो: कागदाच्या थरांत लाकडाचा भुसा घालून केलेला वॉलपेपर. वुपर्टालच्या हुगो एरफुर्टनं तो १८६४ मध्ये काढला, तोही दुकानाची दर्शनी खिडकी सजवण्यासाठी. आज तो घराघरांत आहे, आणि त्याच्या खरबरीतपणामुळे चिकटपट्टीचे हुक, स्टिकर, स्वतः चिकटणारा वॉलपेपर यांतलं काहीच धड टिकत नाही. टिकलंच तर काढताना कागद सोलून येतो. तेव्हा भिंतीला काही करायचंच तर रंग द्या.

चारही भिंती रंगवू नका, एकच निवडा, शक्यतो पलंगाच्या किंवा सोफ्याच्या मागची. हिशेब सोपा आहे. लिटरभर रंग एका हाताला साधारण ७ चौरस मीटरला पुरतो. ४ मीटर लांब आणि अडीच मीटर उंच भिंत म्हणजे १० चौरस मीटर, दोन हातांना तीन लिटर. दुकानात अडीच लिटरचा डबा समोर असतो आणि दुसऱ्या हाताला नेमका शेवटच्या कोपऱ्यात संपतो. डब्यावर दोन श्रेणी छापलेल्या असतात: धुण्याला किती टिकतो ती १ ते ५, आणि खालचा रंग किती झाकतो ती १ ते ४. दोन्हींत १ उत्तम. झाकण्याची श्रेणी १च घ्या, स्वस्त रंगाचा तिसरा हात शेवटी महागच पडतो. फोडणीचे शिंतोडे उडतात त्या भिंतीला धुण्याची श्रेणीही १ हवी. हळदीसारखा पिवळा इथल्या करड्या हिवाळ्यात फार छान दिसतो, पण गडद पिवळे आणि लाल मुळातच कमी झाकतात. त्यांना तिसरा हात धरूनच चाला.

रोलर १८ ते २० मिलिमीटर लांब केसांचा घ्या. स्पंजचा घेतलात तर भुशाच्या दाण्यांमधल्या खळग्यांत पांढरे ठिपके राहतात. रंगवताना हीटर बंद, खिडक्या बंद. रंग लवकर सुकला की जोडांचे पट्टे दिसतात. मीटरभर रुंदीचा पट्टा पूर्ण करायचा आणि तो ओला असतानाच पुढचा त्यात मिसळायचा. कडेची चिकटपट्टीही रंग ओला असतानाच ओढून काढा. सुकल्यावर ओढली तर रंगाची कड तिच्याबरोबर तुटून येते.

भिंतीत छिद्र पाडायला हरकत नसते, प्रमाणात असली म्हणजे झालं. आर्टुर फिशरनं १९५८ मध्ये काढलेला, छिद्रात बसून स्क्रू धरून ठेवणारा नायलॉनचा प्लग, इथला ‘ड्युबेल’, हेच या देशाचं खरं गृहसजावटीचं साधन. ६ मिलिमीटरचं छिद्र, ६चा प्लग आणि ४.५चा स्क्रू एवढ्यावर आरसा आणि फळी पक्क्या बसतात. भिंत ठोकल्यावर पोकळ वाजली तर ती जिप्सम बोर्डाची, तिला वेगळा, आत फुलणारा प्लग लागतो. बटणाच्या किंवा सॉकेटच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत ड्रिल चालवू नका, वायरी तिथूनच जातात. आणि रविवारी ड्रिल मुळीच नाही, शेजारी दार वाजवतील.

कापड मात्र घरूनच आणा. सुती सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि ११० सेंटिमीटर पन्ह्याची असते. आधी धुऊन घ्या, नाहीतर पडदा नंतर आखडतो. पदराचा ९० सेंटिमीटर भाग कापला की ४२ सेंटिमीटरचे चार चौकोन निघतात, म्हणजे दोन उशांचे अभ्रे. उरलेल्या ४ मीटर ६० सेंटिमीटरचे दोन पडदे होतात आणि काठ उभा, कडेनं येतो. चुण्या नीट पडायला कापड दांडीच्या दीडपट ते दुप्पट हवं. त्यामुळे एका साडीत सव्वा मीटरची खिडकी बसते, मोठीला दोन साड्या. शिलाई मशीन नसेल तर इस्त्रीनं चिकटणारी पट्टी चालते. रेशमी साडी उन्हात विटते, तिला हात लावू नका. खिडकीखाली बहुधा हीटर असतो, म्हणून पडदा खिडकीच्या कट्ट्यापर्यंतच ठेवा. लांब पडद्यानं हीटरची तापमान ओळखणारी चावी झाकली की कोंडलेल्या गरम हवेमुळे तिला खोली तापल्यासारखी वाटते, ती हीटर बंद करते आणि आपण कुडकुडत बसतो. सोलापुरी चादर ६० बाय ९० इंचाची असेल तर ९० सेंटिमीटरच्या जर्मन पलंगावर दोन्ही बाजूंना तीस-तीस सेंटिमीटर लोंबते. दुसरी सोफ्यावर टाकली की सोफा कितीही जुना असो, चालतो.

म्हणूनच सोफा शेवटी. ‘क्लाइनअनत्साइगन’ या जुन्या वस्तूंच्या जाहिरातींच्या संकेतस्थळावर फर्निचर निम्म्याहून कमी किमतीत मिळतं. किमतीपुढे ‘VB’ (उच्चार ‘फाउ बे’) असेल तर घासाघीस चालते. कपाट शोधताना ‘मासिव’ हा शब्द टाका, म्हणजे अस्सल लाकूड. भुशाच्या फळीचं कपाट एकदा खोलून पुन्हा जोडलं की स्क्रू धरत नाहीत. गादी जुनी घेऊ नका. सोफ्याच्या शिवणींत काळे ठिपके दिसले तर फुकटही नको, ती ढेकणांची खूण असू शकते. आणि कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, ५ ते १० सेंटिमीटर जागा सोडा. नाहीतर थंड भिंतीवर ओल धरते आणि मागे काळी बुरशी येते. कुकरच्या वाफेनं तर लवकरच.

घर सोडताना रंग कुठलाही असून चालत नाही. २०१३ मध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं लाल, पिवळ्या, निळ्या भिंती तशाच ठेवून गेलेल्या भाडेकरूला भरपाई द्यायला लावली होती, कारण घर घेताना पांढरं होतं. उलट, घर मुळात न रंगवता आणि काही मोबदला न देता ताब्यात दिलं असेल, तर रंगकामाची अट भाडेकरूवर लादता येत नाही, असा त्याच न्यायालयाचा २०१५ चा निकाल आहे. म्हणून चावी मिळाल्या दिवशीच प्रत्येक भिंतीचे फोटो काढा आणि ताबा घेताना होणाऱ्या नोंदीत भिंतींची अवस्था लिहून घ्या. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असू शकते. छिद्रं भरताना लांबी (पुट्टी) थोडीच भरा आणि ओल्या बोटानं टिपून खरबरीत करा. गुळगुळीत घासलीत तर राउफाझरवर तो ठिपका पांढऱ्या रंगाखालूनही ओळखू येतो.