राजाने ऐकलं का? तुम्ही विचारलंत म्हणून

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारून झालाय, जुने विद्यार्थी, भाचरं, परवा तर लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या बाईंनीही, की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं. "तुम्ही ती फारसीतली राजांना उपदेश करणारी पुस्तकं वाचत बसता ना, सियासतनामा, काबूसनामा वगैरे, त्यातलं कुठल्या राजाने कधी ऐकलं का हो? की सगळं पालथ्या घड्यावर पाणी?" आणि त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न असतो, तो तोंडाने कोणी विचारत नाही पण डोळ्यांत दिसतो, की मग तुम्ही २८ वर्षं त्यात का घातलीत.

पुस्तकांची ओळख करून देत बसत नाही, विचारणाऱ्यांना ती माझ्याकडून ऐकून ऐकून पाठ झालीये. फक्त ती परक्यांची म्हणून झटकू नका. रयत, दौलत, वजीर, फौज, इन्साफ हे शब्द आपण रोज बोलतो ते तिकडूनच आलेत, आणि राज्य फौजेवर, फौज पैशावर, पैसा रयतेवर आणि रयत इन्साफावर उभी, ही साखळी त्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा येते. आपल्याकडूनही तिकडे गेलंय. पंचतंत्रातले करटक आणि दमनक पहलवीतून, म्हणजे जुन्या इराणी भाषेतून, अरबीत गेले आणि कलीला आणि दिमना झाले, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा या मूळच्या इराणी लेखकाने ते काम केलं. त्याच माणसाने खलिफा मन्सूरसाठी एक निवेदनही लिहिलं, की काझी एकाच गोष्टीवर गावोगावी वेगवेगळे निवाडे देतायत, यात काहीतरी एकवाक्यता आणा. पुढे बसऱ्याच्या सुभेदाराने त्याला हाल हाल करून मारलं, हातपाय तोडून तंदुरात टाकले असं सांगतात. त्यामागे दुसरी राजकीय कारणंही होती, पण राजाजवळ बसून लेखणी चालवणं किती जोखमीचं होतं ते कळतं.

सियासतनामा लिहिणाऱ्या निजाम-उल-मुल्कचं घ्या. आधी आल्प अर्सलान आणि मग मलिकशाह, अकराव्या शतकात इराणवर राज्य करणाऱ्या सेल्जुक तुर्कांच्या या दोन सुलतानांचा जवळजवळ ३० वर्षं वजीर. सियासतनामा मलिकशाहानेच मागवला असं पुस्तकातच म्हटलंय, त्याची ५० प्रकरणं. तरी शेवटी शेवटी मलिकशाहाने त्याला निरोप पाठवलाच, की तू राज्यात माझा भागीदार आहेस का? वजिराचं उत्तर प्रसिद्ध आहे, की तुझा मुकुट माझ्या या दौतीशी बांधलेला आहे, दौत गेली की मुकुटही जाईल. १०९२ च्या ऑक्टोबरमध्ये नहावंदजवळ सूफीच्या वेशात आलेल्या माणसाने त्याला भोसकलं. अर्ज द्यायचाय असं सांगून तो पालखीजवळ आला म्हणतात. राजाने आठवड्यातून दोन दिवस स्वतः बसून फिर्यादी ऐकाव्यात, मधे कोणी नको, असं लिहिणारा हा माणूस. पुढच्याच महिन्यात मलिकशाहही गेला. तेव्हा हो, फारसं कोणी ऐकलं नाही, हे मला माहितीये.

आणि या पुस्तकांत सगळं सोनंच भरलंय असंही मी कधी म्हटलं नाही. निजाम-उल-मुल्क बायकांच्या हाती कारभार देऊ नका म्हणून अख्खं प्रकरण लिहितो, त्यामागे मलिकशाहाच्या राणीशी त्याचं वाकडं होतं. दिल्लीचा चौदाव्या शतकातला इतिहासकार बरनी तर फतावा-ए-जहांदारी या आपल्या राजनीतीवरच्या पुस्तकात हलक्या कुळातल्यांना शिकवूच नका म्हणतो, ते वाचताना मला पुस्तक मिटून ठेवावं लागलं होतं. तरीही मी वर्गात दर वर्षी छातीठोकपणे सांगायचे, की राजाने ऐकलं नाही तरी सांगणाऱ्याने सांगितलं, गोष्टीच्या आडून का होईना सांगितलं, त्याला धाडस म्हणतात. लेकी बोले सुने लागे हीच तर त्यांची कला.

आता जे खरं सांगायचंय ते. १०-१२ वर्षांपूर्वी मी ज्या संस्थेत शिकवत होते तिचं एका तालुक्याच्या गावी छोटं केंद्र होतं, ७० किलोमीटरवर, भाड्याच्या दोन खोल्या, वर पत्रे. ४१ मुली बीए करत होत्या, बहुतेक वाड्यावस्त्यांवरून चालत नाहीतर वडापने येणाऱ्या. इतिहासाला दोन वर्षं शिक्षक नव्हता म्हणून पंधरा दिवसांतून एकदा मी एसटीने जायचे. एप्रिलमधली दुपार, पत्रे तापलेले, मी बाटलीतलं पाणी प्यायले आणि पहिल्या बाकावरच्या मुलीपुढे बाटली केली तर ती म्हणाली, "नको मॅडम, घरी जाऊन पिते." मी आग्रह केला तेव्हा हळूच सांगितलं, संडासाला कुलूप आहे, किल्ली घरमालकाकडे असते, तो देत नाही. म्हणून वर्गातलं कोणीच दिवसभर पाणी पीत नव्हतं.

पुढच्या महिन्यात मीटिंग होती. अध्यक्ष वर्षातून एकदा सगळ्या स्टाफला बोलवायचे आणि मोकळेपणाने बोला म्हणायचे. माझ्या पर्समध्ये कागद होता, त्यावर तीन ओळी: किल्ली, शिक्षक, पंखा. माझी वेतनश्रेणीची फाइल तेव्हा त्यांच्याच सहीसाठी थांबली होती, तेही सांगून टाकते. माझी पाळी आली, मी उभी राहिले आणि कागद काही काढला नाही. म्हटलं, साहेब, एक गोष्ट सांगते.

सियासतनाम्यातली गोष्ट आहे. गझनीच्या महमूदापुढे एक बाई फिर्याद घेऊन येते, की देर-गचीनला चोरांनी माझं सगळं लुटलं. महमूद विचारतो, हे देर-गचीन आहे तरी कुठे? बाई म्हणते, जेवढ्या मुलखाची तुला खबर ठेवता येईल, राखण करता येईल, तेवढाच घे. महमूद म्हटला की आपल्याला सोमनाथ आठवतो, आठवणारच, पण पुस्तकात तो खाली मान घालून बाईचं ऐकतो, नुकसान भरून देतो आणि चोरांचा बंदोबस्त करायला फौज पाठवतो. साहेबांनी मन लावून ऐकलं, "वा, मॅडम" म्हणाले, चहा आला. मी त्या दिवशी हवेत होते. घरी येऊन यजमानांना म्हटलं, आज मी बोलले बरं का.

तीन आठवड्यांनी स्नेहसंमेलन. साहेबांनी भाषणात तीच गोष्ट सांगितली, आमच्या मॅडमनी सांगितली म्हणून माझं नाव घेऊन, आणि पुढे म्हणाले की जेवढं सांभाळता येईल तेवढंच ठेवावं हा थोरांचा सल्ला आहे, म्हणून येत्या जूनपासून तालुक्याचं केंद्र आपण बंद करतोय. टाळ्या झाल्या. मी पहिल्या रांगेत होते, सगळे बघत होते, मीही वाजवल्या.

४१ पैकी ६ मुली मुख्य कॉलेजला आल्या.

खूप दिवस मी मनातल्या मनात साहेबांना दोष देत होते, की वडाची साल पिंपळाला लावली. मग एकदा ती गोष्ट पुन्हा काढून वाचली. त्यात महमूद इराणातल्या किरमानच्या ज्या अमिराला पत्र धाडतो तो अबू अली इलियास महमूदाच्या जन्माच्याही आधीचा. म्हणजे निजाम-उल-मुल्कनेही आपल्या सोयीने जोडकाम केलेलंच चालवलं. आणि महमूद ऐकतो, कारण पुस्तक लिहिलं तेव्हा त्याला जाऊन ६० वर्षं होत आलेली. या पुस्तकांतले ऐकणारे राजे बहुतेक असे आधीच गेलेले असतात, न्यायी म्हणून गाजलेला इराणचा जुना राजा नौशेरवान काय नि महमूद काय. पण मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे, की ती बाई गोष्ट सांगतच नाही. ती ठिकाणाचं नाव घेते, काय लुटलं ते सांगते, आणि राजाला तोंडावर बोलते. मी मात्र तिच्या पदराआड लपून बोलले.

मग वर्गात २८ वर्षं मी सांगितलं ते खोटं का? मला तसं म्हणवत नाही. त्याच पुस्तकात कानाने अधू झालेल्या एका राजाची गोष्ट आहे. त्याने हुकूम काढला की ज्याची फिर्याद असेल त्याने तांबडे कपडे घालावेत, दुसऱ्या कोणी घालू नयेत, आणि तो हत्तीवर बसून बाहेर पडायचा म्हणजे ते लांबून दिसतील. ऐकू येत नाही ही राजाची अडचण आहे, ती त्याने सोडवायची, असं ९०० वर्षांपूर्वी एका वजिराला लिहावंसं वाटलं. ते मला सोडवत नाही, कोणी ऐको न ऐको. पण लगेच मनात येतं, त्या राजालाही कोणीतरी तांबडं घालून समोर आलेलं लागत होतं, आणि माझा कागद पर्समध्येच राहिला.

गेल्या वर्षी एसटी स्टँडवर त्या मुलींपैकी एक भेटली, कडेवर पोरगं, ओळखलं मला. "मॅडम, आपलं सेंटर का बंद झालं हो?" मी म्हटलं, अगं भाडं परवडत नव्हतं त्यांना. ती हो हो म्हणाली. किल्लीचं तिने काढलं नाही आणि मीही काढलं नाही, मग तिची गाडी लागली.