गंगावेशीत, दुधाच्या कट्ट्यावर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात दिवसभर लेथ मशीनवर उभं राहायचं, त्यात आज एक जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, रिजेक्ट. मालकानं आम्हा दोघांनाही झाडलं. माझं डोकं तिथंच अडकलेलं. शेजारच्या मशीनवरचे मामा मात्र हात धूत शीळ घालत होते. एकच शिवी, पण एकाच्या अंगाला चिकटते, दुसऱ्याच्या घसरून जाते. स्वभाव, दुसरं काय!

"चल की गा, दूध पिऊ."

गंगावेशीत म्हशीची धार समोरच काढली. ग्लास कोमट, वर बोटभर फेस. मामा मिशी पुसत उसाच्या दराबद्दल बोलत राहिले. जॉबचं नावसुद्धा काढलं नाही.

अमेरिकेतले हार्वर्ड विद्यापीठवाले १९३८ पासून माणसांची आयुष्यं तपासत आलेत. त्यांना दिसलं ते असं, की म्हातारपणी ठणठणीत राहण्यात पैशापेक्षा जवळच्या माणसांचा वाटा मोठा. काळजीखोर स्वभावही वयाबरोबर बऱ्याच जणांचा थोडा निवळतो म्हणे. (बायकोला हे वाचून दाखवलं. म्हणाली, कधी?)

डबा मात्र अजून मशीनशेजारीच उभ्या उभ्या संपवतो मी. उद्यापासून मामांच्या पंगतीला. त्यांच्या डब्यातला खर्डा लई जहाल असतोय, तेवढं बघायला पाहिजे.