ताम्हिणीचा चिखल आणि विंचची भूक

दोन दिवस ताम्हिणीत होतो. धबधबे, धुकं आणि त्याहून दाट गर्दी. लिहायचंय ते मात्र भातखाचराशेजारच्या एका ओहोळाबद्दल. तिथे भाड्याची एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटेवर चालणारी जाड चाकांची उघडी चारचाकी, आसापर्यंत रुतली. विंचचं (दोर गुंडाळून गाडी ओढणाऱ्या विजेच्या रहाटाचं) बटण दाबलं, दोर ताणला गेला, मग कॉन्टॅक्टर, म्हणजे विंचचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच, नुसता टकटकायला लागला आणि इंजिनही बंद पडलं.

विंच धडधाकट होती, पण उपाशी. २५०० पौंडी विंच रिकामी फिरताना १०-१५ अँपिअर घेते. चिखलातली गाडी ओढताना शंभराच्या पुढे जाते. इंजिनमधला वीज तयार करणारा भाग, म्हणजे स्टेटर, चढ्या आरपीएमला जेमतेम २५-३० अँपिअर देतो, आयडलिंगला त्याहून बराच कमी. त्यातूनच हेडलाइट, पंखा आणि फ्युएल पंप चालतो. बाकीचं सगळं बॅटरीतून. १४ अँपिअर-तासांची बॅटरी १०० अँपिअरला कागदावर आठ मिनिटं पुरते, पण १४ हा आकडा बॅटरी सावकाश, दहा तासांत रिकामी करण्याचा. एवढ्या ओढीला ती निम्मा वेळही टिकत नाही.

इथे वायरनेही घात केला. बॅटरी सीटखाली, विंच पुढे. जाऊन-येऊन चार मीटर. ६ स्क्वेअर एमएमच्या वायरीत १२० अँपिअरला दीड व्होल्ट वाटेतच जातो, १६ च्या वायरीत अर्धा. शिवाय निगेटिव्ह थेट बॅटरीवर न नेता चॅसिसला कसलेली, तो बोल्ट गंजलेला, पॉझिटिव्हचा लग (वायरीच्या टोकाची कडी) कळकलेला. व्होल्टेज पडलं की कॉन्टॅक्टरची कॉइल पकड सोडते, व्होल्टेज सावरलं की पुन्हा धरते. ती टकटक ऐकली की बटण लगेच सोडा. प्रत्येक ठिणगीला आतले पॉइंट जळतात आणि शेवटी चिकटतात. मग बटण सोडलं तरी दोर गुंडाळतच राहतो. म्हणून बॅटरीजवळ, हात पोचेल असा, करंट पूर्ण तोडणारा आयसोलेटर स्विच हवाच. या गाडीला तो नव्हता. भाडं घेणाऱ्यांनी एवढं तरी बघायला हवं, याचा राग अजून गेलेला नाही.

पिकअपच्या बॅटरीवरून जंप देऊन इंजिन चालू केलं. झाडाला रुंद पट्टा, पट्ट्याला कप्पी, दोराचा हुक परत गाडीला. कप्पीने विंचवरचा भार निम्म्यावर येतो आणि करंटही बराच उतरतो. दोर जास्त सुटल्याने ड्रमवर कमी थर राहतात, आणि तळच्या थरावरच विंचचा जोर सगळ्यांत जास्त. अर्धा मिनिट ओढायचं, मग न्यूट्रलमध्ये आरपीएम चढवून तीन मिनिटं थांबायचं. विंचच्या मोटरला हात लावून बघायचा. चटका बसला तर आणखी थांबायचं. पाचव्या खेपेला गाडी बाहेर आली.

आता भाड्याची एटीव्ही घेताना खिशात व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर असतो. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट, चालू असताना १४ च्या आसपास दिसायला हवेत. विंच ओढत असताना बॅटरीच्या टर्मिनलवर १०.५ च्या खाली गेलं, तर ती गाडी ओढ्यात घालत नाही.