तुम्ही विचारलंत म्हणून: रिटायर झाल्यावर वेळ कसा जातो?

31 जुलै 2024 ला मी बँकेतून निवृत्त झाले. तेव्हापासून सांगलीत कुठेही जा, एकच प्रश्न. ‘मॅडम, आता वेळ कसा जातो?’ भाजीवाली विचारते, जिन्यात भेटणारे शेजारी विचारतात, जुने खातेदार तर विचारतातच. ‘छान जातो’ म्हणून मी सुटते, कारण हातात पिशव्या असतात आणि खरं उत्तर लांबलचक आहे. आज पिशव्या नाहीत, तर सांगते.

या पहिल्या वर्षात मी जिथे गेले तिथे शेवटपर्यंत थांबले.

हे फार मोठं वाटत नसेल, तर तुम्ही बँकेत नोकरी केलेली नाही. अक्षता पडल्या की पहिली पंगत, आहेराचं पाकीट योग्य हातात, आणि थेट स्टँड. कित्येक लग्नांत मी वरात पाहिलेली नाही. मार्चअखेरीला कुणी आजारी पडायचं नाही, असा आमच्या घरात अलिखित नियम होता. दुसऱ्या-चौथ्या शनिवारची सुट्टी मिळाली तीही 2015 मध्ये. त्याआधी संसार, मैत्रिणी, माहेर, सगळं एका रविवारात कोंबलेलं.

साठीचं म्हणाल तर शांत वगैरे काही केली नाही. माझा जन्म क्रोधी संवत्सरातला. साठ संवत्सरांचं चक्र पुरं होऊन निवृत्तीच्या वर्षी पुन्हा क्रोधीच आलेलं. गुरुजींनी हे समजावून सांगितलं, तेव्हा आमचे हे एवढंच म्हणाले, ‘तरीच.’

सप्टेंबरात गणपतीला सासरी गेले. आमचं गाव आंबा घाट उतरून साखरप्याच्या पुढे. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिडकीसुद्धा अर्ध्या दरात मिळाल्यासारखी वाटते. इतकी वर्षं चतुर्थीला पोहोचायचं आणि दुसऱ्या संध्याकाळी परत, कारण सप्टेंबरअखेरीचं सहामाही क्लोजिंग. या वेळी गौरीविसर्जनापर्यंत सगळे दिवस राहिले. विसर्जन म्हणजे वाजतगाजत नदीवर जाणं, एवढंच मला माहीत होतं. त्यानंतरचं घर मी पाहिलंच नव्हतं. नदीतली वाळू ताम्हनात आणून मखरात ठेवतात, तिची आरती होते, वाटली डाळ वाटली जाते, आणि मग सगळं घर एकदम दमतं. मोठ्या जाऊबाई पडवीत पाय पसरून बसल्या आणि म्हणाल्या, ‘तुला सांगू का, मला हा दिवस आवडतो. कुणी येत नाही.’ लग्न होऊन पस्तीसेक वर्षं झाली, पण त्यांना काय आवडतं हे मला पहिल्यांदा कळलं. मग आम्ही दोघींनी रात्रभर पितळेची भांडी चिंचेने घासली आणि सासूबाईंबद्दल यथेच्छ बोललो. त्यातलं इथे लिहिण्यासारखं काही नाही.

दिवाळीनंतर माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचे वडील गेले. अशा वेळी मी पहिल्या दिवशी जायचे, फार तर तेराव्याला पुन्हा. या वेळी तेराव्यानंतर गेले, आणि तिच्याकडेच मुक्काम ठोकला. माणसं गेली की घरात उरतात ते कागद. काकांनी प्रत्येक ठेवीची पावती जुन्या कॅलेंडरच्या पानात गुंडाळून ठेवलेली. काहींवर नॉमिनी म्हणून काकू, ज्या त्यांच्याही आधी गेल्या. एका बँकेत तर पंधरा वर्षांत कुणी फिरकलेलंच नव्हतं. ठेवीची मुदत संपून दहा वर्षं कुणी दावा केला नाही, तर ते पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. बुडत नाहीत, बँकेमार्फत वारसांना परत मागता येतात. अशा ठेवी शोधायला 2023 पासून ‘उद्गम’ नावाचं पोर्टलही आहे. हे मी काउंटरच्या आतून शेकडो लोकांना सांगितलं असेल, पण मागे लाइन असायची. तिच्या स्वयंपाकघरात लाइन नव्हती. एक फॉर्म भरायचा, चहा करायचा, काकांच्या सह्या वर्षागणिक कशा थरथरत गेल्या ते बघत बसायचं, मग दुसरा फॉर्म. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो पैसे स्वीकारून वारसांपर्यंत पोहोचवणारा, हे तिच्या धाकट्या भावाला तीनदा समजवावं लागलं. चौथ्यांदा तिनेच समजावलं, जरा वरच्या आवाजात. मग ती रडली. तेरा दिवसांत रडायला सवड मिळाली नव्हती म्हणे, कारण आल्यागेल्याच्या चहापाण्याचं बघायचं होतं. (तुमच्या ठेवींवर नॉमिनी कोण आहे आणि तो हयात आहे का, हे आजच बघा. नोकरी सुटली तरी जिभेची सवय सुटत नाही.)

हयातीवरून आठवलं. नोव्हेंबरात मी स्वतःचा हयातीचा दाखला दिला. वर्षानुवर्षं पेन्शनरांकडून जो कागद घेत आले, त्यावर आता माझी सही. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, ‘आजी, मोबाइल आणलाय का?’ आजी! मी आजूबाजूला बघितलं.

आणि मग आईचं सहस्रचंद्रदर्शन. माहेर मिरजेला, भावाकडे. ऐंशी वर्षं दहा महिने झाले की माणसाच्या आयुष्यात हजार पौर्णिमा होतात. वर्षाच्या बारा आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येणाऱ्या अधिक मासांच्या वरच्या, असा हिशोब. आईला हा हिशोबच मान्य नव्हता. ‘पावसाळ्यातले चार महिने चंद्र दिसतो कुठे? ते वजा करा.’ तिच्या पद्धतीने गणित केलं, तर कार्यक्रम तिने एकशे एकवीस वर्षं पुरी केल्यावर करावा लागला असता. भाऊ म्हणाला, ‘चालेल, पण तोपर्यंत मी नसेन.’ तेव्हा कुठे ती तयार झाली.

औक्षणाला 81 निरांजनं हवी होती. वहिनीने विकत घेण्याऐवजी गल्लीतून, भजनी मंडळातून, नात्यातून मागून आणली. कार्यक्रम सुरेख झाला. मला सांगायचंय ते त्यानंतरचं. केटररचा हिशोब झाला, मंडपवाला खुर्च्या मोजून घेऊन गेला, पाहुणे पांगले. उरली ती तेलकट निरांजनं, आणि कुठलं कुणाचं याचा पत्ता नाही. नशिबाने बऱ्याचशा निरांजनांवर नावं घातलेली. मी धुऊन पुसून एकेक नाव वाचायची आणि आई सांगायची. ‘ही? ही कर्नाटकातली सून. पहिल्या वर्षी मराठी येत नव्हतं, पण भांडायची मराठीतच.’ ‘हे तिच्या सासूचं. सासू गेली तरी सुनेने नाव खोडलं नाही, बघ.’ एकावर तर माझ्या आजीचं नाव निघालं. आजीने कधीतरी शेजारणीला दिलेलं, ते शेजारणीच्या नातसुनेकडून आईच्याच ओवाळणीला परत आलेलं. आई ते हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट करत राहिली आणि म्हणाली, ‘मला वाटत होतं हे माझ्या नणंदेने ढापलं.’ त्या नणंदेशी, म्हणजे माझ्या आत्याशी, ती कित्येक वर्षं बेताचंच बोलत होती. रात्री दीड वाजता तिला आत्याला फोन लावायचा होता. आम्ही सकाळपर्यंत थोपवून धरलं. सकाळी ती खरंच बोलली, चांगली अर्धा तास. निरांजनाचा विषय मात्र दोघींनीही काढला नाही.

थांबणं सगळीकडे खपतं असं नाही. नणंदेकडे वास्तुशांतीनंतर रेंगाळले, तर तिसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याने आपण होऊन माझ्या बसची चौकशी केली. आणि पुण्याला लेकीकडे तर मोठा आठवडा घेऊन गेले होते. तिचं घर, तिच्या मीटिंगा, तिच्या फ्रिजमधले तिचे डबे. पाचव्या दिवशी तिने प्रेमानेच विचारलं, ‘आई, तुझं नक्की काय ठरलंय?’ तेव्हापासून तिच्याकडे मी शनिवारी सकाळी जाते आणि रविवारी संध्याकाळच्या एसटीने परत येते. दुसऱ्या-चौथ्याच.